मदत हवी आहे: आफ्रिकान्समध्ये ‘लिव्ह’ला नेमकं काय म्हणायचं?

मंडळी, आम्ही सहा महिन्यांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत स्टेलेनबॉशला आलो. लेकीला शाळेत आफ्रिकान्स आहे. वहीत स्वतःबद्दल पाच ओळी लिहायच्यात, त्यातली एक ‘माझी आजी साताऱ्याला राहते’. शब्दकोशात ‘लिव्ह’ला तीन शब्द सापडले: लिअफ, वूअन, ब्लेइ. पहिलाच उचलून मी शेजारच्या आजींना ऐटीत म्हणाले, “एक लिअफ इन स्टेलेनबॉश.” (‘एक’ म्हणजे मी, हे पचायलाच आठवडा लागला.) त्या हसून म्हणाल्या, “हो, जिवंत आहेस ते दिसतंय!” मग कोणता वापरू? भूतकाळही सांगा.

प्रतिसाद १:
लिअफ म्हणजे आपलं जगणं. ‘हेइ लिअफ नॉख’ म्हणजे तो अजून जिवंत आहे. पत्त्यासाठी बोलताना सर्रास ब्लेइ: ‘वार ब्लेइ येइ?’ म्हणजे कुठे राहतोस? इथले लोक इंग्रजीतही ‘व्हेअर डू यू स्टे’ विचारतात, अगदी आपल्यासारखं. वूअन जरा लेखी वळणाचं. फॉर्मवर ‘वूअन-आद्रेस’ असतं आणि फ्लॅटला वूअनस्टेल म्हणतात. वहीत ‘मेइ ओउमा वूअन इन सातारा’ लिहा. ब्लेइ लिहिलंत तरी चूक नाही, पण आजी चार दिवस पाहुणी गेली असली तरी ब्लेइच. वूअन म्हटलं की बिऱ्हाडच.

क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही, ती चैन आहे. भूतकाळाला ‘हेट’ आणि क्रियापदाच्या सुरुवातीला ‘ख’: ऑन्स हेट इन पुणे खवूअन, आम्ही पुण्यात राहत होतो. नकाराला मात्र ‘नी’ दोनदा: एक ब्लेइ नी हीर नी, मी इथे राहत नाही. दुसरा नी मी वर्षभर विसरत होतो.

प्रतिसाद २:
मराठी माणसाला ब्लेइ सोपं जावं. गप्प राहा म्हणजे ब्लेइ स्टिल, मागे राहणं म्हणजे आख्तरब्लेइ. पण ‘भात राहिलाय’ला ते लावू नका, उरलेल्या जेवणाला ऊअरस्कीट म्हणतात. आणि ‘एक इस ब्लेइ’ म्हणजे मी राहतो नव्हे, मला आनंद झालाय. अक्षरं तीच, शब्द वेगळा.

धागाकर्ती:
आभार! वहीत वूअन लिहिलं. शेजारच्या आजींना आज ‘ऑन्स ब्लेइ हीर’ म्हटलं, त्यांनी नुसती मान डोलावली. लेक मात्र दुपारपासून मलाच ब्लेइ स्टिल म्हणत सुटली आहे.