ग्वानाह्वातो शनिवारी: गाडी की बस? (आज रात्रीपर्यंत सांगा)

सई:
नमस्कार मंडळी,
परवा पहाटे केरेतारोहून ग्वानाह्वातोला (मेक्सिकोतलं जुनं खाणींचं गाव) निघायचंय आणि अजून गाडी की बस हेच ठरत नाहीये. आम्ही विद्यापीठातले चौघं, शिवाय केतकीची आई (सांगलीहून आल्यात, गुडघा दुखतो). विनयकाका सात सीटची गाडी घेऊन स्वतः यायला तयार आहेत. मृणालताई काल फोनवर म्हणाल्या, गाडी अजिबात नको. सेर्वान्तिनो (तिथला मोठा कलामहोत्सव) चालू असल्याने गावात सगळं फुल्ल, खोल्या जवळच्या मार्फिलला मिळाल्यात. काय बघायचं त्याची यादी तयार आहे, फक्त गाडीचं सांगा प्लीज.

विनयकाका:
सई, यात ठरवण्यासारखं काय आहे? सेलाया, सालामांका, इरापुआतो, सरळ रस्ता. टोल मी भरतो. पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा बसमधून कशाला? मागच्या सहलीचा विषय निघणार हे माहीत आहे म्हणून आधीच लिहितो: बोगद्यात जीपीएस गेलं, त्याला चालवणारा काय करणार? मागे बसलेल्या सहा जणांनी सहा दिशा सांगितल्या.

मृणाल:
काका, तुम्हाला कोणी बोल लावलेला नाही. पण आपण फिरून फिरून त्याच तोंडाशी बाहेर येत होतो, आणि तिसऱ्या खेपेला ती शेंगदाणेवाली बाई आपल्याला ओळखीचा हात करायला लागली. सई, नीट ऐक. गाव दरीत वसलंय, रहदारी बरीचशी जमिनीखालून. बोगद्यात फाटे फुटतात, आणि पाटी वाचेपर्यंत फाटा मागे पडलेला असतो. वर रस्ते एकेरी, गल्ल्या तर नुसत्या पायऱ्याच. त्यात सेर्वान्तिनोची गर्दी. गाडी लावायला जागा शोधण्यातच शनिवार जाईल. केरेतारोहून थेट बस आहे, ती घ्या.

प्रसाद:
मृणालताई, थोडी भर. तो मुख्य भुयारी रस्ता म्हणजे ग्वानाह्वातो नदीचं जुनं पात्र. नदी दर काही वर्षांनी गावात शिरायची, १९०५ चा पूर तर फार मोठा. पुढे पाणी दुसरीकडे वळवलं आणि १९६० च्या दशकात कोरड्या पात्रातून गाड्या सोडल्या. वर बघितलंत तर घरं दगडी कमानींवर उभी दिसतात. बाकीचे बोगदे वेगळे, डोंगर फोडून केलेले. खाणकामगारांचंच गाव ते. ला वालेन्सियाना खाणीच्या चांदीवर अर्धा स्पेन पोसला म्हणतात, ते जरा फुगवून असेल, पण तिथलं चर्च बघून पटतं.

शुभदाकाकू:
प्रसाद, इतिहास छान, पण गुडघ्याचं कोणी बोलतच नाही! बसने गेलात तर बसस्थानक गावाबाहेर. तिथून लोकल बस पकडली की ती भुयारातच थांबते, आणि वर यायला दगडी जिना. माझ्या सासूबाई मधल्या पायरीवर बसल्या त्या उठेचनात, शेवटी एका पोलिसाने हात दिला. केतकीच्या आईंना ते जमणार नाही. विनयभावजींची गाडी निदान दारात तरी सोडेल. आणि जेवणाचं काय? त्या शाकाहारी आहेत ना?

सचिव:
सर्वांना नम्र विनंती. ही सहल मंडळाची नाही. मंडळाच्या नावाने काही ठरवायचं तर कमिटीसमोर यायला हवं, हे मागच्या सहलीनंतर ठरलंय. तसंच, शनिवारी संध्याकाळी फराळाच्या याद्या करायला चार स्वयंसेवक लागणार होते आणि त्यातले तीन याच मेलमध्ये दिसतायत.

निखिल:
काकू, जेवणाचं सोपं आहे. एन्चिलादास मिनेरास मागवा: लाल मिरचीच्या रश्शात परतलेल्या टॉर्टिया, आत चीज, वर बटाटा-गाजर. पण बाजूला कोंबडीचा तुकडा येतोच, आणि परततात बहुधा चरबीत. 'सिन कार्ने' (मांस नको) एवढ्यावर भागत नाही, कोंबडी नको आणि डुकराची चरबी नको हे वेगवेगळं सांगा. राजमाही चरबीत शिजवलेला असतो. मेर्कादो इदाल्गो या मंडईत मक्याची कणसं, फळं भरपूर. आईंना थेपले बांधून द्या, हा खरा उपाय.

शुभदाकाकू:
थेपले माझ्याकडून. मेथी फ्रीझरमधली आहे, चालेल ना?

विनयकाका:
सचिवसाहेब, गाडी माझी, पेट्रोल माझं, कमिटी कुठून आली?
आणि प्रसाद, अलोन्दिगा सांगायचं राहिलं. १८१० च्या सप्टेंबरात, स्वातंत्र्याच्या उठावात, पुढारी इदाल्गोच्या लोकांनी ते धान्याचं कोठार घेतलं. पिपिला नावाचा खाणकामगार पाठीवर दगडी लादी बांधून दारापर्यंत गेला आणि दार पेटवलं, अशी कथा. पुढे इदाल्गो आणि त्याचे साथीदार आयेन्दे, आल्दामा, हिमेनेस या चौघांची डोकी त्याच इमारतीच्या चार कोपऱ्यांना टांगली, ती १८२१ पर्यंत तशीच. मम्यांच्या संग्रहालयापेक्षा हे बघा. दफनाचा कर भरता आला नाही म्हणून उकरून काढलेली माणसं तिकीट लावून बघायची, मला नाही आवडलं.

प्रसाद:
काका, मम्या बघायच्याच. १८६५ पासून निघालेल्या आहेत त्या.

मृणाल:
शुभदाकाकूंचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर गाडी हा उपाय नाही. बसस्थानकाहून टॅक्सी करा आणि हार्दिन दे ला उनियोन या बागेपाशी सोडायला सांगा, रस्ता बंद असेल तर जवळात जवळ. झाडांच्या सावलीत बाकं आहेत, आईंना बसवा. पिपिलाच्या पुतळ्याकडे तेआत्रो हुआरेस या नाट्यगृहाच्या मागून फ्युनिक्युलर (चढावरची रेल्वे) जाते, चढायला नको. कायेहोन देल बेसो या गल्लीत बाल्कन्या एकमेकींना टेकतील इतक्या जवळ, पण फोटोची रांग मोठी. वेळ बघून ठरवा. रात्री सान दिएगो चर्चच्या पायऱ्यांवरून गाणारी विद्यार्थी मंडळी निघतात, त्यांच्यामागे गल्लीबोळांतून चढ-उतार असतो. तेव्हा आई खोलीवर, बाकीचे जा.
विद्यार्थ्यांना अर्धं तिकीट सुट्ट्यांच्या दिवसांतच मिळतं, सई. आत्ता पूर्ण पैसे धर.

सई:
सगळ्यांचे आभार. बसच ठरलं, तिथून टॅक्सी. केतकीच्या आई म्हणाल्या, मम्या नकोत, दुकानं हवीत. काकू, थेपल्यांना हो! फराळाच्या याद्या आम्ही रविवारी रात्री आल्यावर करतो, चालेल का?
विनयकाका, पहाटे बसस्टँडपर्यंत सोडाल का? बॅगा खूप आहेत.

विनयकाका:
साडेपाचला खाली उभे राहा. थेपले शुभदावहिनींकडून मीच घेतो वाटेत. उशीर झाला तर हॉर्न वाजवणार, शेजारी उठले तर तुम्ही बघा.

सचिव:
याद्या रविवारी चालणार नाहीत. मोहनथाळाची ऑर्डर शनिवारीच द्यायची आहे. सई, तूर्त निदान आकडा तरी पाठव.