माणगावजवळ मातीचे ऑफ-ग्रिड घर : शनिवार-रविवारच्या श्रमदानावर किती भिस्त ठेवावी?

दादरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीपैकी ३० गुंठ्यांचा तुकडा वाटणीनंतर माझ्या नावावर झाला आहे. निवृत्तीनंतर वर्षातले आठ-नऊ महिने मला आणि पत्नीला राहता येईल असे लहानसे घर तिथे बांधण्याचा विचार आहे. एक मोठी खोली, स्वयंपाकघर आणि तीन बाजूंनी पडवी एवढीच आमची गरज आहे. सिमेंट शक्य तितके टाळावे, भिंती तिथल्याच मातीच्या असाव्यात, वीज सौर पॅनेलची आणि पाणी पावसाचे साठवलेले असावे, असे ठरवले आहे. विजेचा खांब शेतापासून बराच लांब असल्याने महावितरणची जोडणी न घेण्याचा निर्णय निव्वळ तत्त्वाचा नाही, हेही सांगून टाकतो.

माझा मुख्य प्रश्न मनुष्यबळाचा आहे. मुंबईतल्या आमच्या ट्रेकिंगच्या गटातील बरीच तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी येऊन श्रमदान करायला तयार आहेत. परदेशातील अशा घरांच्या चित्रफिती पाहून, चिखल पायांनी तिंबून त्याचे गोळे एकावर एक रचत दीड फूट जाडीच्या भिंती उभारायच्या, ज्याला कॉब म्हणतात, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. नोव्हेंबरमध्ये सुरुवात केली तर मेअखेर छप्पर चढेल का? ज्यांनी असे काम केले किंवा जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चुनकळी

दादरकर, आपल्या मंडळींच्या उत्साहाला आवर घालण्याचा हेतू नाही, पण आधी हिशेब मांडू. आपल्या वर्णनावरून भिंतींची एकूण लांबी ६५ फुटांच्या आसपास जाईल. उंची ८ फूट आणि जाडी दीड फूट धरली, तर दारे-खिडक्या वजा न करता ७८० घनफूट, म्हणजे जवळजवळ ८ ब्रास माती भिंतीत दाबून बसवावी लागेल. तिचे वजन ३५ टनांच्या आसपास भरते. ही सगळी माती खणायची, चाळायची, भिजवायची, पेंढा घालून तिंबायची आणि हाताने उचलून रचायची. शिवाय एका वेळी दीड-दोन फुटांपेक्षा उंच थर चढवता येत नाही, कारण वरच्या वजनाने खालचा ओला थर फुगून बाहेर येतो. आठवड्यातून दीड दिवस येणाऱ्या माणसांकडून एका मोसमात हे पार पडेल असे मला वाटत नाही, आणि अर्धवट भिंत उघडी असताना पहिला पाऊस आला तर सगळे श्रम अक्षरशः मातीत जातील.

म्हणून क्रम बदलावा : आधी जोते, मग खांब आणि छप्पर, आणि भिंती सर्वांत शेवटी. कोकणातल्या बऱ्याच जुन्या घरांत छपराचा भार लाकडी खांबांवर असे आणि मधली भिंत केवळ आडोशाची असे, ते उगाच नव्हे. जोते काळ्या दगडाचे आणि निदान दोन फूट उंच हवे, आणि पागोळ्या भिंतीपासून तीन फूट तरी दूर पडायला हव्यात. पडवी तीन बाजूंना असेल तर उघडी राहणारी चौथी बाजू नैर्ऋत्येची नसावी, कारण पावसाची झड तिकडूनच येते. पडवी असूनही त्या बाजूला पावसाळ्यात झावळ्यांचे झाप बांधावे लागतील, हे गृहीत धरून खांबांना आधीच खुंट्या ठोकून ठेवाव्यात.

दुसरा मुद्दा त्या चित्रफितींचा. जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता पोटात साठवून रात्री सोडते. ज्या प्रदेशात दुपार तापते आणि रात्र गार पडते तिथे तिचा फार उपयोग होतो. कोकणात मे महिन्यातली रात्रही दमट आणि उबदारच असते, त्यामुळे इथे दीड फूट जाडीपेक्षा समोरासमोरच्या खिडक्या, उंच आढे आणि कौलांच्या फटींतून निघून जाणारी गरम हवा जास्त कामाची ठरते. माझे स्पष्ट मत असे, की आपण कुडाच्या भिंती घालाव्यात. कारवीच्या काठ्या किंवा बांबूच्या कांबी विणून दोन्ही अंगांनी माती, शेण आणि भाताच्या तुसाचा लेप दिला की तीन इंचांची भिंत होते. त्याच ६५ फुटांना मग ८ ब्रासऐवजी सव्वा ब्रासच्या आसपास माती लागते, आणि हे काम नवख्या हातांनाही जमते. कारवी मात्र वनखात्याच्या हद्दीतून परस्पर तोडून आणू नये. बांबू पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेला घ्यावा आणि बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवावा, नाहीतर भुंगा लागून त्याचे पीठ पडते. मंडळींना कॉबची हौस भागवायचीच असेल तर पडवीतला बसायचा कट्टा त्या पद्धतीने करू द्यावा.

मातीची परीक्षा आत्ताच करून ठेवा. वरची फूटभर शेतमाती बाजूला सारून खालची घ्या. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि बाकी पाणी घालून जोरात हलवा : वाळू पाहता पाहता तळाशी बसते, पोयटा, म्हणजे गाळाची बारीक माती, तास-दोन तासांत बसतो, आणि चिकणमातीला दुसरा दिवस उजाडतो. थर मोजले की प्रमाण कळते. मग ओल्या मातीची बोटाएवढी वळी करून तळहाताच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवा. ती अंगठ्याच्या पेराएवढी होण्याआधीच तुटली तर माती भुसभुशीत आहे, आणि बोटभर लांब होऊनही लोंबत राहिली तर चिकण जास्त आहे, म्हणजे वाळताना तडे जाणार. भातखाचराची माती बहुधा दुसऱ्या प्रकारची निघते. तिच्यात वाळू आणि तूस वाढवावे लागते.

जाता जाता एक सुचवतो. खांब आणि दारांसाठी नवे लाकूड घेण्याआधी मुंबईत पाडल्या जाणाऱ्या जुन्या चाळी आणि वाड्यांचे सागवान पाहा. तुळया, चौकटी, गजाच्या खिडक्या चांगल्या अवस्थेत मिळतात. फक्त आतले खिळे काढून घेतल्याशिवाय सुताराच्या हाती देऊ नका.

पडवीवाला

पालघर जिल्ह्यातील आमच्या शेतावर काही वर्षांपासून श्रमदानाला माणसे येतात, त्यावरून लिहितो. शनिवारी सकाळी मुंबईहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणानंतर कामाला लागतो आणि रविवारी दुपारपासून त्याचे लक्ष परतीच्या गाडीकडे असते. आपल्याकडे तर दिवा-सावंतवाडी पॅसेंजर किंवा महामार्गावरील वाहतूक यांच्या भरवशावर सगळे वेळापत्रक असणार. हातात एक पूर्ण दिवस मिळतो असे समजूनच काम आखावे. मळायची माती आधीच भिजलेली हवी, म्हणजे गुरुवारी-शुक्रवारी पाणी मारणारे कोणीतरी गावात हवे. तो नसेल तर वीस माणसे कोरड्या ढिगाभोवती उभी राहून छायाचित्रे काढतात.

स्वयंसेवकांना माती तिंबणे, कूड विणणे, लेप देणे, सारवणे, दगड-कौले हातोहात पोचवणे, ही कामे द्यावीत. जोते, खांबांचे सांधे, छपराचे वासे आणि वीज यांना त्यांचा हात लागू देऊ नये, तिथे गवंडी, सुतार आणि वायरमनच हवेत. चुनकळी, म्हणजे भाजलेला कोरडा चुना, विझवताना पाणी उकळते आणि शिंतोड्याने डोळा जाऊ शकतो, तेव्हा त्या दिवशी कोणालाच बोलावू नये. (इथे कोणी तिच्याच नावाने लिहीत असले तरी!) एका खेपेला दहापेक्षा जास्त माणसे नकोत, आणि कामाचा शब्द एकाच मिस्त्रीचा असावा. घरमालकाने मध्येच वेगळी सूचना दिली की मंडळी दोघांकडे पाहत बसतात.

पहिले बांधकाम घराचे नव्हे, शौचालयाचे करा. पावसाळ्यात आपल्याकडे जमिनीतले पाणी इतके वर येते की खोल खड्डा भरून वाहू लागतो, म्हणून जमिनीच्या वर बांधलेली, राख किंवा भुसा टाकायची दोन कप्प्यांची कोरडी पद्धत बरी. एक कप्पा भरला की बंद करून दुसरा वापरायचा. सावली, पिण्याचे पाणी, दोन वेळचे जेवण आणि अपघात विमा यांचा खर्च आपल्याकडे धरा. गवताचे भारे आणि दगडांचे ढीग हलवताना फुरसे-घोणस निघणारच, त्यामुळे गमबूट सक्तीचे करा आणि सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात असते याची आधीच चौकशी करून ठेवा. कोणी परदेशी पाहुणा मुक्कामाला येणार असेल तर त्याची नोंद २४ तासांच्या आत करावी लागते. ती जबाबदारी यजमानाची असते.

कूळकायदा

महसूल खात्यात नोकरी केलेला मनुष्य म्हणून एक शंका उपस्थित करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४१ प्रमाणे शेतघरासाठी धारण क्षेत्र निदान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण ४० गुंठे लागते, आणि तेवढ्या क्षेत्रावर जोत्याचे क्षेत्रफळ १५० चौरस मीटरपर्यंत चालते. आपले ३० गुंठे त्यात बसत नाहीत. जमीन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर अकृषिक वापराचा मार्ग सोपा आहे, नसेल तर रीतसर परवानगी घ्यावी लागेल. मातीचे घर म्हणजे तात्पुरती झोपडी, त्याला कोण विचारतो, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. भिंत कशाची आहे हे कायदा पाहत नाही. नोव्हेंबरच्या आधी सातबारा, आठ-अ आणि फेरफार घेऊन तलाठ्याला आणि तहसील कार्यालयाला भेटा.

सौरवीज

दोन आकडेमोडी. ९ वॉटचे चार दिवे पाच तास, ३० वॉटचे, कमी वीज खाणारे दोन बीएलडीसी पंखे दहा तास, मोबाइल-लॅपटॉप आणि अर्धा तास अर्ध्या अश्वशक्तीचा पंप, असे धरले तर दिवसाला १.१ युनिट लागते. फ्रिज घेतला तर आणखी एक युनिट. एक किलोवॉटची पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला ४ युनिटांच्या आसपास देतात, म्हणून विक्रेते पाठ थोपटतात, पण जुलैत ओळीने चार-पाच दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा खरी परीक्षा होते. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत ३.६ युनिट साठते, आणि साध्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरावे, म्हणजे फ्रिजशिवाय दीड दिवस. आपण वर्षातले तीन-चार महिने मुंबईत असणार आहात, ते पावसाळ्याचे ठेवा म्हणजे बॅटरीवरचा खर्च निम्मा होईल.

पाण्याचे गणित उलट आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ८० चौरस मीटर छप्पर, अगदी २५०० मिलिमीटर पाऊस आणि वीस टक्के घट धरली तरी १,६०,००० लिटर होतात. दोघांना रोज १४० लिटर आणि कोरडे २४० दिवस धरले तर ३४ हजार लिटरही लागत नाहीत. पाणी मुबलक आहे, खर्च टाकीचा आहे. फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंटचा पातळ थर दिलेली, टाकी घ्या, तेवढ्यापुरते सिमेंटचे सोवळे सोडा. मात्र बांधकाम कोरड्या महिन्यांत होणार आणि तेव्हा पाणी गोळा करणारे छप्पर नसणार. माती भिजवायला आणि दहा माणसांच्या अंघोळीला पाणी कुठून आणणार, ते कोणी विचारलेले दिसत नाही.

दादरकर

सर्वांचे मनापासून आभार. शेताला लागून चुलतभावाची विहीर आहे, ती मार्चपर्यंत साथ देते. आता असे ठरवतो : परवानगी मिळाली की पहिल्या मोसमात शौचालय, जोते, छप्पर आणि टाकी कारागिरांकडून करून घ्यायची, पावसाळ्यात टाकी भरू द्यायची, आणि कूड व लेप पुढच्या मोसमात स्वयंसेवकांबरोबर. एक शंका उरते. शेजारी कातकरी वाडी आहे. शहरातून फुकट हात आणले तर त्यांची मजुरी बुडवल्यासारखे होणार नाही का?

पडवीवाला

होईल, जर त्यांना वगळले तर. कूड विणायची आणि सारवायची रीत आपल्या ट्रेकिंगवाल्यांपेक्षा त्या वाडीतल्या बायांना कितीतरी जास्त ठाऊक असणार. त्यांना मदतनीस म्हणून नव्हे, शिकवणाऱ्या म्हणून बोलवा, पूर्ण मजुरी द्या, आणि येणाऱ्या तरुणांना पहिल्याच दिवशी सांगा की इथे त्यांचे ऐकायचे. पूर्वी इर्जिकीला गाव जमत असे तेव्हा प्रत्येकाच्या शेतावर पाळीपाळीने काम होत असे. आपल्याकडे ती परतफेड शक्य नाही, म्हणून मजुरी. फक्त दिवाळीच्या आधी जाऊन बोला. दिवाळी झाली की यातली बरीच कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि मेअखेरीशिवाय परतत नाहीत.