सोलरसाठी स्लॅबला भोक पाडू देऊ नका: माझं ठाम मत

गच्चीवाला_पुणे
सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. आमच्या गल्लीत एकामागून एक गच्च्यांवर पॅनेल चढली, त्यात मीही आलो. मे २०२४. सहा पॅनेल, त्यांच्या लोखंडी स्ट्रक्चरचे सहा पाय, प्रत्येक पायाच्या प्लेटला चार फास्टनर (भोक पाडून ठोकायचे बोल्ट). म्हणजे गच्चीला चोवीस भोकं. दुपारी दोनला ड्रिल सुरू झालं आणि संध्याकाळी चहाच्या आत काम संपलं. प्लेटांच्या कडेने सिलिकॉनची ट्यूब फिरवली, झालं वॉटरप्रूफिंग.

जुलैत हॉलच्या छताला ओल आली. सगळ्यांत जवळचा पाय त्या जागेपासून नऊ फुटांवर. मिस्त्री म्हणाला, पाणी एकदा कोब्यात, म्हणजे स्लॅबवरच्या विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थरात, शिरलं की विटांच्या तुकड्यांमधून फिरत राहतं आणि स्लॅबला जिथे तडा असेल तिथून खाली येतं. चोवीसपैकी कुठलं भोक गळतंय हे कसं शोधायचं? ज्यांनी बसवलं ते म्हणतात, कोबा जुना होता. पॅनेलची हमी २५ वर्षांची, गळतीची एका दिवसाचीही नाही.

म्हणून सांगतो, स्लॅबला हात लावू देऊ नका. खाली रबराची मॅट टाका, वर काँक्रीटचे ठोकळे ठेवा आणि त्यावर स्ट्रक्चर बसवा. वजनानेच उभं राहू दे.

रेवदंड्याची
दादा, तुमच्या छताचं वाईट वाटलं, पण हा सल्ला कोकणात कुणी ऐकू नये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि शेजारचे पत्रे अँगलसकट उडून दुसऱ्याच्या अंगणात पडले. नुसते ठेवलेले ठोकळे त्या वाऱ्यापुढे काय टिकणार? छत गळलं तर बादली लावता येते. पॅनेल उडून कुणाच्या अंगावर आलं तर काय लावणार?

साइटवाला
मी हेच काम करतो. मूळ चूक भोकाची नाही, भोक कशात पाडलं याची आहे.

गच्चीवर वरून खाली काय असतं ते बघा: आधी फरशी किंवा आयपीएस (सिमेंटचा घोटलेला थर), मग चार-पाच इंच कोबा, मग स्लॅब. चार इंची फास्टनर वरून ठोकला तर तो कोब्यातच संपतो, स्लॅबला लागतही नाही. फास्टनरने धरलेला असतो विटेचा तुकडा. म्हणजे वॉटरप्रूफिंग फोडलं आणि पकडही मिळाली नाही. तुमच्याकडे बहुतेक हेच झालंय.

आता ठोकळ्यांचा हिशोब. वाऱ्याच्या भाराचं मानक आयएस ८७५, भाग ३. त्यात पुण्याचा वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईचा ४४. दाब काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले ०.६. पुण्याला तो, न्यूटनचे किलो केले की, चौरस मीटरला साधारण ९३ किलो येतो. सहा मोठी पॅनेल म्हणजे साडेपंधरा चौरस मीटर, म्हणजे वाऱ्याचा जोर १४०० किलोंच्या वर. एक फूट लांब-रुंद-उंच ठोकळा ६५-७० किलोचा. असे सहा ठोकळे, पॅनेल आणि लोखंड मिळून ७०० किलोही भरत नाहीत.

गच्चीवाला_पुणे
साइटवाला, आकडा पूर्ण सांगा. तो दाब सरसकट लागत नाही, त्याला गुणक असतात. दाट वस्तीत वेग कमी धरतात. पॅनेल कमी कलाचं, कठड्याच्या आत आणि गच्चीलगत असेल तर वाऱ्याची उचल बरीच घटते. शिवाय ठोकळे सहाच का? बारा ठेवा. गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला १५० किलो जिवंत भार (माणसं, सामान यांचा) धरून काढलेला असतो. ठोकळे तुळयांच्या रेषेत ठेवले तर स्लॅबला जड नाहीत.

साइटवाला
मान्य. गच्चीलगतच्या बुटक्या स्ट्रक्चरला ठोकळे चालतात, इंजिनिअरने हिशोब करून दिला तर. पण तुमचं स्ट्रक्चर किती उंच?

गच्चीवाला_पुणे
आठ फूट. खाली वाळवणं घालतो, म्हणून मुद्दाम उंच घेतलं.

साइटवाला
मग विषय वेगळा झाला. दक्षिणेकडे कललेल्या पॅनेलखाली उत्तरेचा वारा शिरला की ते शिडासारखं फुगतं. आठ फुटांवर त्या जोराने स्ट्रक्चर उलटू बघतं. ते नुसत्या वजनावर ठेवायला मी तरी तयार नाही.

वरचा_मजला
तुमचं घर स्वतःचं आहे, बरं आहे. मी सोसायटीत शेवटच्या मजल्यावर राहते. सोलर सगळ्यांचं, लिफ्टचं बिल सगळ्यांचं कमी होणार, आणि पोपडे माझ्या बेडरूमचे पडणार. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाने वरच्या फ्लॅटचं छत खराब झालं तर दुरुस्ती सोसायटीने करायची. हे कागदावर ठीक. प्रत्यक्षात एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत मी सभेत तेच बोलते आहे. ओल सळईपर्यंत गेली की ती गंजून फुगते आणि खालचं काँक्रीट सुटतं. हे रंगाने झाकण्याजोगं नाही. म्हणून मी गच्चीवाला_पुणे यांच्या बाजूने. आधी आमचं छत, मग तुमची वीज.

इचलकरंजी_शेड
थोडं वेगळं. आमच्याकडे लूमच्या शेडला पत्रा आहे, तिथे भोकाशिवाय गत्यंतर नाही. पण भोक पन्हळीच्या माथ्यावर पाडायचं, खोलगटात नाही, कारण पाणी खोलगटातून वाहतं. स्क्रूखाली ईपीडीएम रबराचा वायसर हवाच, आणि स्क्रू इतका आवळायचा नाही की वायसर फाटेल. सात पावसाळे झाले, थेंब नाही.

साइटवाला
वरचा_मजला ताई, तुमचा राग समजतो. स्लॅबच्या गच्चीवर पक्की पद्धत सांगतो. पायाच्या जागी कोबा फोडून स्लॅब उघडा करायचा. स्लॅबमध्ये केमिकलने सळ्या बसवायच्या, त्याआधी भोक फुंकून, ब्रशने घासून साफ करायचं, नाहीतर केमिकल धुळीलाच चिकटतं. मग एक फुटाचा काँक्रीट पेडेस्टल, म्हणजे छोटा चौथरा, ओतायचा. वॉटरप्रूफिंगचा थर त्याच्या अंगावर चढवायचा आणि चारही बाजूंनी कोपऱ्यात सिमेंटचा वाटा (गोलाई) मारायचा. प्लेट आणि बोल्ट पेडेस्टलच्या डोक्यावर येतात. तिथे पाणी साचतच नाही.

हे सगळे का करत नाहीत? क्युरिंग धरून आठवडा-दहा दिवस जातात, आणि गिऱ्हाईक तीन कोटेशनमधलं सगळ्यांत स्वस्त उचलतं. पेडेस्टलची ओळ माझ्या कोटेशनमध्ये असते म्हणून कामं हातची गेली आहेत.

रेवदंड्याची
ती ओळ खोडून स्वस्त करून द्या म्हणणारेही आपणच असतो. मी स्वतः घासाघीस केली होती.

गच्चीवाला_पुणे
माझा कोबा तसाही डिसेंबरमध्ये काढावा लागणार आहे, पॅनेल उतरवूनच. वाळवणाची जागा सोडवत नाही, तेव्हा पेडेस्टल करतो. पण माझी एक अट राहील. पॅनेल परत चढवण्याआधी गच्चीचं पाणी जायची नाळकी बंद करून तीन दिवस पाणी भरून ठेवायचं, आणि तोवर शेवटचा हप्ता द्यायचा नाही. ही अट कुणी कंत्राटात लिहून देईल का?

साइटवाला
मी देतो. पाणी भरायच्या आधी आणि नंतर खालच्या छताचे फोटो दोघांनी मिळून काढायचे, तेवढं कंत्राटात घाला. जुनी ओल माझ्या नावावर नको.

वरचा_मजला
हे फोटोचं येत्या सभेत मांडते. आमच्या गच्चीचं कोटेशन अजून पास व्हायचंय.