बॅटरी नवी, तरी सेल्फला नुसतं टक्

केळीवाला_रावेर:
२०१२ ची पेट्रोल गाडी आहे. सकाळी सेल्फ मारला की टक् वाजतं अन गप्प, चार-पाच वेळा मारलं तर कधी लागते कधी नाही, पण केळी भरायला आलेल्या पोरांनी धक्का दिला की लगेच चालू. बॅटरी दिवाळीत नवी टाकली. आता गॅरेजवाला म्हणू राहिला सेल्फच बदला. परवा जळगावला लग्न आहे, घरचे म्हणता एसटीने चला.

वायरमन_भुसावळ:
थांब भो, खर्च नको करू. रात्री हेडलाइट भिंतीवर पाडून सेल्फ मार. उजेड विझायला आला तर बॅटरी उतरली नाहीतर टर्मिनल ढिलं, उजेड तसाच राहिला तर सेल्फला करंट पोचत नाही किंवा सेल्फच गेला. व्होल्ट मोजायचा मीटर असेल तर बॅटरीवर लाव, रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, चालू गाडीत १३.८ ते १४.४.

धुळेकर७:
टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल, खायचा सोडा अन गरम पाणी टाकून घास. काढताना मायनस आधी.

केळीवाला_रावेर:
टर्मिनल चकाचक केले. उजेड हललाच नाही. बंद गाडीत १२.३, चालूत १२.९. बॅटरी चार्ज करणारा डायनामो गेला का मग?

वायरमन_भुसावळ:
नाही रे, मला अर्थिंगचा संशय येऊ राहिला. इंजिन रबरावर बसलेलं असतं, सेल्फ अन डायनामो दोघांचा परतीचा करंट इंजिनपासून बॉडीला जोडलेल्या एका जाड पट्टीतून जातो. हेडलाइटची अर्थिंग बॉडीला, म्हणून त्याला फरक पडत नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढ, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर अन दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धर, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांग. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी खराब. बाही बेल्टपासून लांब ठेव.

केळीवाला_रावेर:
४.१ व्होल्ट!! पट्टी वरून एकदम चांगली दिसत होती, बोल्ट ढिला केला तर लगमधून (टोकाच्या कडीतून) हिरवा चुरा पडला अन वायर हातातच आली. नवी टाकली, बसायची जागा पॉलिश पेपरने घासली. अर्ध्या सेल्फला लागली, चालू गाडीत १४.१. बॅटरी बदलायची गरजच नव्हती म्हणजे, बठ्ठा पैसा पाण्यात.

धुळेकर७:
जुनी बॅटरी दुकानात दिली का घरी आहे?

केळीवाला_रावेर:
दिली ना, भंगारच्या भावात 😭