मेटल कॉम्प्लेक्सच्या फिल्म्स: आपण काचेवरच थांबायचं का?

तापीकाठ

राम राम मंडळी. बरीच वर्षं मनात असलेली गोष्ट मांडतो, मतं सांगा.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी कॉपर थॅलोसायनीनच्या फिल्म्स, म्हणजे पातळ थर, केले. हे एक मेटल कॉम्प्लेक्स: मध्ये धातूचा अणू, भोवती सेंद्रिय रेणू. कॉलेज खान्देशातलंच. मॉलिब्डेनमच्या बोटीत (तापवायच्या छोट्या पत्र्याच्या वाटीत) चिमूटभर निळी पावडर, वर काचेच्या स्लाइड, मग बेल जार, म्हणजे हवा काढायची काचेची हंडी, खाली, आधी रोटरी पंप, मग डिफ्यूजन पंप. मे महिन्यात पंपाला गार पाणी मिळत नसे, म्हणून टाकीत बर्फाची लादी टाकायचो. वीज गेली की धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद करायचा, नाहीतर गरम तेलावर हवा जाऊन तेल करपतं. एवढ्या खटाटोपानंतर काचेवर निळा थर दिसला तो दिवस मला अजून आठवतो.

आणि मग? शोषणाचा वर्णपट घेतला, त्यावरून टॉकचा आलेख काढला, बँड गॅप (इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारं ऊर्जेचं अंतर) १.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आला. सिल्व्हर पेस्ट लावून तापमानाबरोबर रोध कसा बदलतो ते मोजलं. प्रबंध बांधून दिला, स्लाइड कपाटात गेल्या. त्याच फिल्मवर ॲल्युमिनियम चढवून एक डायोड करून बघू म्हटलं, तर "अभ्यासक्रमात नाही" एवढंच उत्तर मिळालं.

माझं म्हणणं असं: सिलिकॉनची चिप खान्देशात बनणार नाही, तिला लागणारा कारखाना आपल्या आवाक्यातला नाही. पण मेटल कॉम्प्लेक्सचं छोटं उपकरण एका बेल जारमध्ये बनतं. १९८६ साली कोडॅकच्या चिंग टँग यांनी कॉपर थॅलोसायनीन आणि पेरिलीनचं एक संयुग असे दोन थर एकावर एक देऊन सौर घट केला, कार्यक्षमता साधारण १ टक्का. पुढच्याच वर्षी टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी ॲल्युमिनियमच्या ८-हायड्रॉक्सीक्विनोलीन कॉम्प्लेक्सचा थर वापरला आणि १० व्होल्टच्या आत हिरवा प्रकाश मिळवला. आजचे ओएलईडी पडदे, म्हणजे सेंद्रिय थर स्वतःच उजळणारे मोबाइल-टीव्हीचे पडदे, त्याच वाटेने आले. दोन्हीकडे फिल्म बाष्पीभवनानेच चढवलेली. आमच्या पंपाला जे जमत होतं त्यापासून हे फार लांब नव्हतं. मग आपली पोरं अर्ध्या वाटेवरून परत का फिरवायची?

साक्री रोड

भाऊ, तुमची तळमळ समजते, पण मला हे पटत नाही.

मी छतावर सोलर बसवायचं काम करतो. बाजारातलं सिलिकॉन पॅनेल २० टक्क्यांच्या वर देतं आणि कंपनी २५ वर्षांची हमी देते. तुमचा १९८६ चा घट १ टक्का. सेंद्रिय सौर घट आज प्रयोगशाळेत १८ टक्क्यांच्या पुढे गेलेत हे मी वाचलंय, पण ते पॉलिमर आणि नव्या प्रकारच्या रेणूंच्या जोरावर. तुमचं थॅलोसायनीन त्या शर्यतीत मागेच राहिलं. ट्रान्झिस्टरचंही तेच. सिलिकॉनच्या स्फटिकात इलेक्ट्रॉनची मोबिलिटी, म्हणजे तो किती सहज सरकतो त्याचं माप, १,४०० चौ. सेंमी प्रति व्होल्ट-सेकंदच्या घरात, आणि तुमच्या निळ्या फिल्मची ०.०२. एकक तेच.

त्यात आपला उन्हाळा. भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, छतावरचं पॅनेल त्याहून कितीतरी जास्त तापतं. तिथे सेंद्रिय फिल्म किती टिकणार? आणि पोरांना नोकरी लागते ती इन्व्हर्टर, वायरिंग, सर्व्हिसिंग येतं म्हणून. दोन वर्षं बेल जारपाशी घालवून हातात काय येतं?

नंदुरबारचा नीळवाला

उष्णतेचा मुद्दा मला सोडवत नाही, कारण पोट त्यावरच आहे. मी अंकलेश्वरला पिगमेंटच्या कामात आहे. कॉपर थॅलोसायनीन हा तोच निळा, जो प्लास्टिकच्या बादलीत, छपाईच्या शाईत, गाडीच्या रंगात असतो. वर्षानुवर्षं उन्हात राहून तो उडत नाही. निर्वातात त्याला वाफ व्हायलाच ४०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. ४५ अंशांचं त्याला काहीच वाटत नाही.

सुरुवातीच्या ओएलईडीत उष्णतेने आधी हार मानली ती मेटल कॉम्प्लेक्सने नव्हे. शेजारच्या थरातलं टीपीडी हे धातू नसलेलं सेंद्रिय संयुग साधारण ६० ते ६५ अंशांना मऊ पडायला लागतं, ॲल्युमिनियमचं कॉम्प्लेक्स १७० च्या पुढे. म्हणून दोष सरसकट "सेंद्रिय फिल्म"ला देऊ नका.

तापीकाठ भाऊ, तुम्हालाही एक सांगायचंय. पिगमेंटची पावडर सरळ बोटीत टाकली असेल तर तुमचे आकडे पावडरमधल्या भेसळीचे आहेत. रंगाला चालते ती शुद्धता विजेला चालत नाही. आधी निर्वातात दोन-तीनदा सब्लिमेशन (तापवून सरळ वाफ, मग पुन्हा घन) करून घ्यावं लागतं. शिवाय फिल्म अल्फा की बीटा, म्हणजे रेणूंची मांडणी कुठली? साध्या तापमानाच्या काचेवर अल्फा रूप बसतं, २०० अंशांच्या वर तापवलं की ते बीटाकडे वळतं, आणि दोघांचे गुण वेगळे. हे न लिहिता दिलेला रोध कुणाच्या कामाचा नाही.

प्रयोगवही, धुळे

पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

साक्री रोड, मोबिलिटीचा आकडा बरोबर दिलात, पण तो कसा मिळाला हेही पाहा. १९९६ मध्ये बेल लॅब्जमध्ये ०.०२ मिळाला तो फिल्म चढवताना खालचा पृष्ठभाग १२५ अंशांवर ठेवल्यामुळे. थॅलोसायनीनचा रेणू भाकरीसारखा चपटा. भाकऱ्यांची चवड नीट रचली तर विद्युतभार एका भाकरीवरून दुसरीवर उडी मारतो. दुरडीत कशाही टाकल्या तर अडकतो. पृष्ठभाग गरम असला की रेणूला सरकून जागा घ्यायला वेळ मिळतो. काच गार असेल तर जिथे पडला तिथेच थिजतो. रसायन तेच, पण काच किती गरम ठेवली यावर फिल्म चांगली की वाईट ते ठरलं. आणि याच रेणूतल्या हायड्रोजनच्या जागी फ्लोरीन बसवला की तो इलेक्ट्रॉन वाहणारा होतो, तोही हवेत टिकणारा. हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. एवढं शिकवणारा पदार्थ मी तरी हातचा सोडणार नाही.

पण तापीकाठ, "आणि मग?" असं विचारून तुम्ही मोजमापाला कमी लेखलंत, त्याला माझा ठाम विरोध आहे. नुसत्या मोजमापात वाईट काही नाही, खोटं समाधान देणारं मोजमाप वाईट. टॉकचा आलेख अनाकार सिलिकॉन-जर्मेनियमसारख्या पदार्थांसाठी आला. रेणूंच्या फिल्ममध्ये प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा एकमेकांना धरून राहतात, म्हणून वर्णपटावरचं अंतर आणि वीज वाहण्यासाठी लागणारं अंतर एक नसतं, दुसरं मोठं असतं. तुम्ही १.७ लिहून तोच "बँड गॅप" म्हणालात. हे शिकवलं नसेल तर तो आम्हा शिक्षकांचा दोष आहे. पण या अवस्थेत डायोड करून काय समजणार होतं? आधी मोजायला शिका, मग उपकरण.

तापीकाठ

सर, टॉकच्या आलेखाचं मान्य. सब्लिमेशन आम्ही एकदाच केलं होतं, तेही कबूल. पण क्रम मला उलटा वाटतो. डायोड केला असता तर तो चालला नसता, आणि का चालला नाही हे शोधताना शुद्धता, संपर्क, अल्फा-बीटा हे सगळं आपोआप समोर आलं असतं. कपाटातली स्लाइड तो प्रश्न कधीच विचारत नाही.

साक्री रोड, पॅनेलच्या शर्यतीत उतरा असं मी म्हणतच नाही. मेटल कॉम्प्लेक्स जिंकलं ते प्रकाशात. साध्या सेंद्रिय रेणूत चार उत्तेजित अवस्थांपैकी सरासरी एकच प्रकाश देते. इरिडियमसारखा जड धातू मध्ये बसला की उरलेल्या तीनही कामाला येतात. ओएलईडी मोबाइलमधला लाल आणि हिरवा त्यातूनच येतो.

साक्री रोड

इरिडियम सोन्यासारखं महाग! जळगावच्या सराफ बाजारातही मिळणार नाही, कॉलेज कुठून आणणार?

रावेरची बाग

माझी केळी आहे, विज्ञान बारावीपर्यंत. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सोडतात, कायद्याने १०० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत १०० भाग) परवानगी आहे. आमची अडचण त्याआधीची. गाडी दिल्लीला पोहोचेपर्यंत आत एखादा घड पिकायला लागला तर कळत नाही आणि शेजारचे घड सोबत पिकतात. ही फिल्म ते ओळखेल का? तसं असेल तर मी तापीकाठ भाऊंच्या बाजूचा. हाई गोट आमना कामनी शे.

प्रयोगवही, धुळे

दादा, प्रश्न फार चांगला विचारलात. २०१२ साली अमेरिकेत एमआयटीच्या टिमोथी स्वॅगर यांच्या गटाने तांब्याचं एक कॉम्प्लेक्स कार्बन नॅनोट्यूबमध्ये (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांत) मिसळून नेमकं हेच केलं. इथिलीन तांब्याला जाऊन चिकटतं, रोध बदलतो. केळ्यावरही तपासलं. पण तिथे वीज नॅनोट्यूब वाहतात, कॉम्प्लेक्स फक्त इथिलीनला पकडतं. नुसत्या थॅलोसायनीनच्या फिल्मवर नायट्रोजन डायऑक्साइड, क्लोरीन, अमोनियाचा परिणाम दिसतो. इथिलीनची आशा त्यातून लावू नका. आणि हवेतला ऑक्सिजन, दमट हवा यांनीही तिचा रोध हलतो. केळीच्या गाडीत ओल भरपूर असते.

तापीकाठ

सर, मग ओलीपासूनच सुरुवात करू या. माझ्याकडे चार फिल्म्स आहेत, दोन कोऱ्या काचेवर, दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये. एक जोडी सिलिका जेलच्या डब्यात, एक भुसावळला आमच्या गच्चीवर, पावसाआधी आणि पावसात. रोज रोध मोजतो आणि इथेच टाकतो.

प्रयोगवही, धुळे

मोजताना अंधार ठेवा, प्रकाशानेही प्रवाह वाढतो. रोज एकाच वेळी मोजा, शेजारी तापमान आणि आर्द्रता लिहा. आणि ॲल्युमिनियम बदला, त्याचा थॅलोसायनीनशी संपर्क अडवणारा असतो. सोन्याच्या पट्ट्या जमतात का बघा.

साक्री रोड

माझं मत अजून तेच आहे. पण आर्द्रता नोंदवणारा डेटा लॉगर माझ्याकडे पडून आहे, भुसावळला आणून देतो.