लुकबुकमध्ये कापडाचीही नोंद हवी
लुकबुक म्हणजे आपल्या पेहरावांच्या छायाचित्रांची वही; तीत आवडत्या पेहरावांची छायाचित्रे लावली की पुरे, असा एक सल्ला दिला जातो. त्यात माझी एक आग्रहाची भर आहे. प्रत्येक छायाचित्राखाली कापड आणि ऋतू लिहावा, कारण चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा देखणा पॉलिस्टरचा कुर्ताही अंगावर ठेववत नाही. घरात आजीची करवतकाठी असल्यास तिला स्वतंत्र पान द्यावे: भंडारा जिल्ह्यात विणल्या जाणाऱ्या या टसर रेशमाच्या साडीचे खरे सौंदर्य काठावरच्या करवतीच्या दात्यांत असल्यामुळे पूर्ण पेहरावासोबत काठाचे जवळून घेतलेले छायाचित्र हवेच, आणि तेही ओसरीवर सकाळच्या उजेडात, कारण ट्यूबलाइटखाली टसरचा मधाळ रंग फिका पडतो. तीच साडी दोन निरनिराळ्या ब्लाउजांवर नेसून छायाचित्रे शेजारी लावली, तर लग्नसराईच्या खरेदीआधी हाताशी असलेले पर्याय स्पष्ट दिसतात.