'हिल हाउस'मधली भिंतीवरची थाप: कादंबरीतली आणि सिनेमातली

बोरीकाठची (अमळनेर)

शर्ली जॅक्सनची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' ही १९५९ची कादंबरी गेल्या आठवड्यात वाचून झाली आणि दुसऱ्याच रात्री तिच्यावरचा रॉबर्ट वाइजचा 'द हाँटिंग' (१९६३) पाहिला. खाली दोन्हींचा शेवट उघड होणार आहे. ज्यांना वाचायची आहे त्यांनी इथेच थांबा.

प्रश्न एलिनॉरबद्दल आहे. बत्तीस वर्षांची बाई, त्यातली अकरा वर्षं आजारी आईचं करण्यात गेलेली. आई गेल्यावर बहिणीकडे राहते. झपाटलेल्या घराचा अभ्यास करणाऱ्या एका डॉक्टरचं बोलावण्याचं पत्र येतं, तेव्हा दोघींच्या मालकीची गाडी बहिणीच्या नकळत काढून त्या झपाटलेल्या घरी जाते. तिथे एका रात्री भिंतीवर थापा पडायला लागतात आणि ही झोपेतच 'आले आई, आले' म्हणत दिवा चाचपडते. पुढे ती सांगते, आई गेली त्या रात्री आईने भिंत ठोकली होती, हाका मारल्या होत्या, मी उठले नाही. आणि तेव्हापासून मला उमगत नाही की मी खरंच झोपेत होते, की जागी झाले, ऐकलं आणि पुन्हा झोपले.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून मी ओट्यावर जाऊन बसले.

माझ्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. नऊ वर्षं तिचं केलं. आमचं घर जुनं, धाब्याचं. तिची खाट मधल्या खोलीत, मी भिंतीपलीकडे. तिचा उजवा हात चालायचा. त्या हाताने ती स्टीलची वाटी खाटेच्या लोखंडी नळीवर वाजवायची. दोनदा वाजली की पाणी, वाजतच राहिली की कूस बदलून द्यायची किंवा अंथरूण पाहायचं. पौषातल्या एका रात्री वाटी वाजली. मी जागी होते. गोधडीतून पाय बाहेर काढला, फरशी गार लागली, पाय परत आत घेतला. वाटी थोडा वेळ वाजली, मग थांबली. सकाळी गेले तर अंथरूण ओलं, वाटी खाटेखाली घरंगळलेली. आई म्हणाली, "झोप लागनी का व बेटा?" त्यानंतर ती दोन वर्षं होती. त्या रात्रीबद्दल तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

म्हणून सिनेमाने जे केलं ते मला खुपतंय. सुरुवातीलाच घराचा इतिहास दाखवताना ते घर बांधणाऱ्या ह्यू क्रेनची मुलगी ॲबिगेल त्यात म्हातारी होऊन अंथरुणात पडलेली दिसते, मदतीसाठी काठीने भिंत ठोकते, आणि तिची सोबतीण तेव्हा एका गड्याबरोबर रमलेली असते. म्हणजे एलिनॉरने घरात पाऊल टाकण्याआधीच थाप घराची होऊन गेली. कादंबरीत काठी नाही. म्हातारीकडे दुर्लक्ष झालं, डॉक्टरला उशिरा बोलावलं, एवढी गावातली कुजबुज आहे. थाप एलिनॉर स्वतःबरोबर घेऊन येते.

आणि शेवट. कादंबरीत तिला घालवून देतात तेव्हा ती ॲक्सिलरेटर दाबून गाडी झाडावर घालते आणि अगदी शेवटच्या क्षणी तिच्या मनात येतं की मी हे का करतेय, हे लोक मला थांबवत का नाहीत. सिनेमात स्टिअरिंग आपोआप वळतं, त्यात डॉक्टरची बायको ऐन वेळी गाडीसमोर धावत येते. सिनेमाने तिला सबब देऊन टाकली. कादंबरीतल्या एलिनॉरला ती कुणी दिली नव्हती.

दोन्ही वाचलं-पाहिलेल्यांनी सांगा, तुम्हाला कुठला शेवट खरा वाटला?

---

ओळंबा (फैजपूर)

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मी माणसांपेक्षा घराबद्दल बोलू शकतो, तेवढंच बोलतो. चाळीस वर्षं बांधकामात गेली.

कादंबरीत पत्र पाठवणारे डॉ. मॉन्टेग्यू पाहुण्यांना सांगतात की या घरातला एकही कोन काटकोन नाही. प्रत्येक कोन थोडाथोडा चुकलेला, म्हणून दारं आपोआप मिटतात आणि माणसाला दिशा कळत नाही. हे वाचल्यावर माझा या लेखिकेवर विश्वास बसला. चौकट ओळंब्याला (वजन बांधलेल्या दोरीला) दोन सूत, म्हणजे पाव इंच जरी कलली तरी दार स्वतःच्या वजनाने एका बाजूला जातं, उघडं ठेवलेलं मिटतं. आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीत तर हे नेहमीचं. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पाया उथळ असला की भिंत तिच्याबरोबर हलते. वैशाखात सुरळीत मिटणारं दार भाद्रपदात अडतं. एका घरी रात्री दार उघडतं म्हणून उतारा टाकून झाला होता. मी बिजागरी खोलली, मागे पाचर बसवली, दार थांबलं.

पण माझ्या हातून किंवा मातीमुळे कोन चुकतो तेव्हा तो एक चुकतो, फार तर दोन. ह्यू क्रेनने ठरवून, आपल्या मनासारखं, सगळं घर असं बांधलं. प्रत्येक खोलीत दोन सूत, आणि त्याची बेरीज म्हणजे ते घर. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) हातात धरून कुणी दिवसेंदिवस चुकीचं बांधत गेला असेल, हा विचार मला थापांपेक्षा जास्त भीतिदायक वाटला. वाचताना रात्री उठून मी आमच्याच जिन्याला ओळंबा लावून पाहिला.

सिनेमात ही मोजमापाची भीती तेवढी लागत नाही. तिथलं घर मोठं, कोरीवकामाने भरलेलं, पहिल्या क्षणापासून भुताचं दिसतं. मला कादंबरीचं घर खरं वाटलं. शेवटाबद्दल तुमच्यासारखंच मत आहे.

---

तिसरी घंटा (धुळे)

मी सिनेमाच्या बाजूने बोलतो, कारण तो मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे आणि त्याच्यावर अन्याय होऊ नये असं मनापासून वाटतं.

ओळंबाकाका, दोन सुतांची चूक पडद्यावर दाखवायची कशी, हाच वाइजपुढचा प्रश्न होता. त्याने पॅनाव्हिजन कंपनीकडून ३० मिलिमीटरची, अजून पूर्ण तयार न झालेली भिंग मागवली. तिच्यातून सरळ रेषा वाकड्या दिसत. दोष माहीत असूनही घेतो आहे, असं कंपनीने त्याच्याकडून लिहून घेतलं. दिवाणखान्याच्या कडा पाहा, छत किंचित आत झुकल्यासारखं वाटतं. आणि ते फुगणारं दार! पातळ थरांच्या लाकडाचं दार आणि पलीकडून ढकलणारा एक माणूस, बस. भूत एकदाही दिसत नाही.

ताई, सबब म्हणता त्याबद्दल. पटकथाकार नेल्सन गिडिंगलाही वाचताना ही एका बाईच्या ढासळत्या मनाची गोष्ट वाटली होती. त्याने जॅक्सनला भेटून तसं विचारलं. कल्पना चांगली आहे, पण मी लिहिलंय ते अलौकिकच आहे, असं तिने सांगितलं. म्हणजे स्टिअरिंग घराने फिरवलं, हे लेखिकेच्या विरोधात जाऊन केलेलं नाही.

मला खरा बदल दुसरीकडे दिसतो. कादंबरीतली डॉक्टरची बायको प्लँचेट घेऊन येते. भुतांवर तिचा ठाम विश्वास, पण त्या घरात तिला काहीच जाणवत नाही. सिनेमातली ग्रेस उलट, नवऱ्याने हा नाद सोडावा म्हणून आलेली. आणि एलिनॉर डॉक्टरच्या प्रेमात. त्यामुळे ग्रेस आली की एलिनॉरची जागाच जाते. हे मला साधं करून टाकल्यासारखं वाटलं, ते मान्य.

पण शेवटचं वाक्य ऐका. कादंबरीचा पहिला परिच्छेद ज्या वाक्यावर संपतो, त्याच वाक्यावर कादंबरीही संपते, तिथे जे कोणी चालतं ते एकटंच चालतं. सिनेमात सुरुवातीला हे डॉक्टरच्या आवाजात आहे आणि शेवटी ते एलिनॉरच्या आवाजात येतं, आणि ती 'आम्ही' म्हणते. एलिनॉर झालेल्या ज्युली हॅरिसने तो एक शब्द असा उच्चारलाय की माझ्या अंगावर प्रत्येक वेळी काटा येतो. तिला घर मिळालं आणि तरी ती एकटीच. हा शेवट मला खोटा म्हणवत नाही.

---

केळीचं पान (रावेर)

मी आधी याच कादंबरीवरचा १९९९चा यान द बाँटचा सिनेमा पाहिला होता. त्यात संगणकाने पुतळे-पडदे सगळं हलवलंय आणि एलिनॉर शेवटी मुलांच्या आत्म्यांना सोडवते. थापेची गोष्टच उरत नाही. माइक फ्लॅनगनची २०१८ची मालिका मात्र चांगली आहे, पण तिथे एलिनॉर आणि बाकीच्यांना भावंडं केलं आहे आणि शेवटच्या वाक्यात 'एकटं' काढून 'बरोबरीने' घातलंय. एकटं, आम्ही, बरोबरीने. साठ वर्षांत वाक्य किती मऊ झालं बघा.

---

रातपाळी (नंदुरबार)

मी परिचारिका आहे, हे पहाटे चारला लिहितेय. कादंबरीतला एक प्रसंग सिनेमात नाही आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त हळहळ वाटली. एलिनॉर वाटेत जेवायला थांबते. शेजारच्या टेबलावर एक लहान मुलगी दूध पीत नाही, कारण तिचा चांदण्यांचा पेला घरी राहिलाय. दूध पिताना त्याच्या तळाशी चांदण्या दिसतात. आई समजावते, आज यातूनच पी. एलिनॉर मनातल्या मनात त्या मुलीला सांगते, ऐकू नकोस, एकदा का इतरांसारखी झालीस की तुला तो पेला परत दिसणार नाही. मुलगी दूध पीत नाही. पुढे हीच एलिनॉर त्या घरात आलेल्या दुसऱ्या पाहुणीला, थिओडोराला सांगते की माझ्याकडे एकेकाळी चांदण्यांचा पेला होता. खोटंच.

हा प्रसंग वाचल्याशिवाय ती त्या घरातून जायला का तयार नाही ते कळत नाही. सिनेमात फक्त घाबरलेली बाई दिसते. प्रवासातली, ओठांवर हसू असलेली एलिनॉर तिथे फार थोडी उरली.

ताई, तुमच्या आईंबद्दल. रात्री आवाज देणाऱ्या माणसाला पलीकडचा जागा आहे की झोपलेला, ते बहुतेक वेळा कळतं. श्वास ऐकू येतो, पांघरूण सरकलेलं ऐकू येतं. माझ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या बाया मला सकाळी नेमकं सांगतात, तू दोन वाजता खुर्चीत जागी होतीस. तुमच्या आईंनी विचारलेला प्रश्न मी तीनदा वाचला.

---

बोरीकाठची (अमळनेर)

सगळ्यांचे आभार. 'तिसरी घंटा', तुम्ही सांगितलं म्हणून काल रात्री शेवट पुन्हा पाहिला. त्या 'आम्ही'बद्दल तुमचं बरोबर आहे, मी ते पहिल्यांदा ऐकलंच नव्हतं. स्टिअरिंगबद्दल माझं मत मात्र तेच आहे. भूत खरं आहे, हे लेखिकेचं म्हणणं मला मान्य आहे. भिंत घराने ठोकली असेल. पण उठायचं की नाही, ते भिंत ठरवत नाही.

अंधारातला हाताचा प्रसंग दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे तितकाच थरकाप उडवणारा. एलिनॉर थिओचा हात घट्ट धरून पडलेली असते, दिवा लागतो तर थिओ दूर आहे, मग मी कुणाचा हात धरला होता? तिथे मला भीती वाटली नाही. मी तो भाग थांबवून परत लावला.

'रातपाळी', तुमचं लिहिणं सकाळी भाकरी करताना वाचलं. पौषात खाट आणि माझी गादी यांच्यामध्ये एकच विटेची भिंत होती आणि वर दोन्ही खोल्यांना सामाईक झरोका. आवाज सगळा यायचा. मी पाय आत ओढला तेव्हा गोधडीचा आवाज झालाच असणार.

वाटी अजून घरात आहे. नळीवर आपटून तिची कड एका जागी चेपली आहे. मी ती कळण्याच्या भाकरीचं पीठ मोजायला वापरते.